कोट अजून माझ्याकडेच आहे

मी कपाट बोलतोय. दचकू नका. हल्ली लोक मला नुसतं बघूनही दोन पावलं मागे सरतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं. मी दोन दारांचा, अंगाने आडवा, रंगाने गडद आणि स्वभावाने जरा आढ्यतेखोर आहे. का असू नये? एका सिनेमाच्या पोस्टरवर मी एकटा उभा आहे. नायिकेचं नाव खाली इतकं बारीक छापलंय, की वाचायला वाकावं लागतं.

हे वैभव अलीकडचं. त्याआधी कितीतरी वर्षं मी घरातली एक कटकट होतो.

मला घडवलं एका सुताराने, धाकट्या बहिणीच्या लग्नात द्यायला म्हणून. बहिणीला सगळे ताई म्हणतात आणि ती त्याला दादा म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू. दादाचा हात चांगला. बिजागऱ्या त्याने अशा बसवल्या, की आजपर्यंत एकही कुरकुरली नाही. पण लग्न तोंडावर आलेलं, आणि त्याच्या कारखान्याची जमीन उताराची, पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम केलेली. त्या उतारावर मी मागे कललेला दिसलो, तेव्हा दादाने माझे पुढचे पाय तासले. मी ताठ उभा राहीपर्यंत तासतच राहिला. मग लांबून माझ्याकडे बघून स्वतःवरच खूश झाला.

ताईच्या घरची फरशी सपाट होती. तिथे ठेवल्याबरोबर मी पुढे झुकलो आणि माझं उजवं दार आपोआप उघडलं. अगदी सावकाश, काही आवाज न करता.

"तुमची फरशी वाकडी आहे," दादा म्हणाला.

ताईच्या नवऱ्याने स्वयंपाकघरातून लिंबू आणून फरशीवर ठेवलं. ते जागचं हललं नाही.

"लिंबू चपटं आहे," दादा म्हणाला, आणि तो विषय त्याच्यापुरता संपला.

तेव्हापासून माझ्या पुढच्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या आल्या. कुलूप होतं, पण किल्ली पहिल्याच वर्षी हरवली. केर काढताना पुठ्ठा हमखास सरकायचा आणि मग कुणी शेजारून नुसतं चालत गेलं तरी दार उघडायचं. ताई येताजाता ते पायाने ढकलायची आणि भावाचा उद्धार करायची. दादा भेटायला आला की दारातूनच विचारायचा, "फरशी बदलली का?" दोघंही हट्टी. मधल्या मध्ये बोलणी मी खायचो.

मला पहिल्यांदा मान दिला तो ताईच्या मुलीने. तिला घरात बारकी म्हणतात. एका दुपारी ताई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती आणि चार-पाच वर्षांची बारकी पलंगावर एकटीच लोळत होती. पुठ्ठा सरकलेला होता. माझं दार हळूहळू उघडायला लागलं. बारकी उठून बसली. ओरडली नाही, रडली नाही, फक्त टक लावून बघत राहिली. दार अर्ध्यावर येऊन थांबलं. आतल्या अंधारात दांडीवरचा एक हँगर किंचित हलत होता.

ताई आल्यावर ती म्हणाली, "आई, आत कुणीतरी आहे."

ताईने दार सताड उघडून दाखवलं. "कपडे आहेत गं. बघ, तुझा फ्रॉक, माझ्या साड्या."

बारकीने सगळं नीट बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. भीती गेली म्हणून खरं तर खूश व्हायला हवं होतं. पण पोरीचा चक्क विरस झाला होता. दुसऱ्या दिवशी मी बघितलं, ताई अंगणात गेल्याबरोबर तिने स्वतःच पुठ्ठा काढला आणि पलंगावर जाऊन बसली.

ही बारकी पुढे सिनेमाची दिग्दर्शिका झाली. पहिलाच सिनेमा भुताच्या घराचा. आणि त्या सिनेमात रक्ताचा एक थेंब दाखवायचा नाही, असा तिचा पण. बाई घरात एकटी राहायला येते, कपाट आपोआप उघडतं, आत काही नसतं. बास. एवढ्यावर लोकांची पाचावर धारण बसवायची.

तिला एक निर्माता मिळाला. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा रक्तावर फार विश्वास. शूटिंगसाठी ताईचं हे घरच ठरलं, आणि निर्मात्याने पहिल्या दिवशी काय पाठवलं असेल? लाल रंगाने भरलेले डबे. जिन्याखाली रांगेने लावले.

"हे कशाला?" बारकीने विचारलं.

"असू दे. तू म्हणतेस तसं करून बघ. चार माणसांना दाखवू. घाबरली तर तुझं खरं. नाही घाबरली, तर शेवटी कपाटातून रक्त वाहायला लागेल. धो धो. ते मी दुसऱ्या कुणाकडून काढून घेईन, तू मनाला लावून घेऊ नकोस."

दुसऱ्या कुणाकडून. बारकीचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. आणि माझं तर विचारूच नका. दादाने रंधा मारून गुळगुळीत केलेले माझे आतले कप्पे, ताईने वर्षानुवर्षं स्वच्छ कागद अंथरलेले, त्यांत हा माणूस डबे ओतणार होता. सिनेमा बारकीचा राहतो की जातो, ते आता माझ्या दारावर ठरणार होतं.

मला खाली दिवाणखान्यात आणलं. भरदुपारी खिडक्यांना काळं कापड लावून रात्र केली. नायिका माझ्यासमोरून चालत गेली. आता दार उघडायचं. मी जोर लावला. दार हलेना. पुन्हा चालत गेली. हलेना. आयुष्यभर नको तेव्हा उघडणारा मी, आणि बोलावल्यावर ढिम्म.

शेवटी एकाने दाराला दोरा बांधून ओढला. दार हिसका खाऊन उघडलं आणि लाइट धरून उभा असलेला माणूस हसला. मागोमाग सगळेच हसले. बारकी हसली नाही. निर्माता खुर्चीत बसून होता. त्याने मान वळवून जिन्याकडे बघितलं.

ताईला शंका आली. ती वाकली, माझ्या पायांखाली बघितलं आणि हाक मारली, "दादा, इकडे ये."

दादा आता म्हातारा झाला होता. आपलं कपाट पडद्यावर दिसणार म्हणून खास इस्त्रीचे कपडे घालून आदल्या दिवसापासून मुक्कामाला आला होता. सगळ्या जगासमोर आपलं काम वाकडं दिसायला नको म्हणून त्याने गुपचूप माझ्या पुढच्या पायांना लाकडाच्या दोन चकत्या ठोकल्या होत्या. मोजून, घासून, रंग लावून. इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा सरळ उभा होतो, आणि तेही नेमक्या त्याच दिवशी.

"मामा," बारकी म्हणाली, "मला ते सरळ नकोय रे. तू केलं होतंस तसंच हवंय."

दादाने एकदा पायांकडे बघितलं. मग खाली बसला, पटाशी मागितली आणि दोन्ही चकत्या काढल्या. उठताना गुडघ्यावर हात टेकून ताईला म्हणाला, "फरशी वाकडी नव्हती."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "चहा घेतोस?"

इतक्या वर्षांचं भांडण एवढ्यात मिटलं. मला भरून आलं, पण भरून यायला वेळ नव्हता. नायिका माझ्यासमोरून चालत गेली, आणि माझं दार सुटलं. सावकाश, अर्ध्यापर्यंत. आतला हँगर हलला. खोलीत कुणी हसलं नाही. लाइट धरलेला माणूस हळूच एक पाऊल मागे सरला.

शेवटच्या दृश्यासाठी मात्र बारकीने पुठ्ठा परत घालायला लावला. पूर्ण सिनेमाभर उघडणारं दार शेवटी उघडत नाही. कॅमेरा बंद दाराकडे बघत राहतो आणि आतून एकच हँगर वाजतो. संपलं.

"मग आत काय आहे?" निर्मात्याने विचारलं.

"मला काय माहीत?" बारकी म्हणाली.

त्याने कपाळाला हात लावला.

सिनेमा तयार झाल्यावर चार माणसांना दाखवायचा बेत याच दिवाणखान्यात झाला. मी जडशीळ, मला परत वर कोण नेणार, म्हणून मी तिथेच होतो, खुर्च्यांच्या मागे. त्या दिवशी थंडी कडाक्याची होती. निर्माता कोट घालून आला, चांगला जाड, लोकरीचा. आत आल्यावर त्याला उकडायला लागलं.

"द्या इकडे," ताई म्हणाली आणि कोट माझ्यात टांगून दार लावलं. पुठ्ठा जागेवर आहे ना, तेही बघितलं.

शेजारपाजारचे आले, निर्मात्याचे मेहुणे आले, दादा पहिल्या रांगेत बसला. बारकी भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. बोटं मात्र दंडात रुतली होती. दिवे मालवले.

मला पडदा नीट दिसत नव्हता, माणसांच्या पाठी दिसत होत्या. सुरुवातीला त्या ऐसपैस होत्या. कुणी दाणे खात होतं, मेहुणे जांभया देत होते. माझं दार पडद्यावर पहिल्यांदा उघडलं आणि दाण्यांचा आवाज थांबला. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा खांदे वर गेले. शेजारच्या काकूंनी नवऱ्याची बाही धरली, आणि त्या दोघांचं महिनाभर बोलणं बंद होतं हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. शेवटी कॅमेरा बंद दारावर थांबला, तेव्हा कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. हँगर वाजला.

दिवे लागले. कुणी उठेना. मग हळूहळू एकेक मान मागे वळली, माझ्याकडे. इतके डोळे माझ्यावर कधीच खिळले नव्हते. मी नुसता उभा होतो, अंगावर दाराची चौकट आणि आत एक कोट.

"छान आहे," निर्माता म्हणाला. "तसं घाबरण्यासारखं काही नाही. रक्त घालावं लागेल. निघतो मी."

तो उठला, माझ्यापर्यंत आला आणि हात पुढे केला. हात दाराच्या मुठीपाशी येऊन थांबला. त्याला पक्कं ठाऊक होतं, आत त्याचा कोट आहे. ताईने त्याच्यासमोर टांगला होता. तरी बोटं पुढे सरकेनात.

सगळे बघत होते. बारकी भिंतीपासून हलली नाही.

"देऊ का काढून?" ताईने विचारलं.

"नको," तो म्हणाला. हात खाली आला. "राहू दे. तशी काही थंडी नाहीये."

बाहेर तोंडातून वाफा निघत होत्या. तो नुसत्या शर्टावर दारापर्यंत गेला. तिथे थांबला, मागे न बघता म्हणाला, "ते जिन्याखालचे डबे परत पाठवा."

आधी दादाने टाळी वाजवली. मग काकूंनी, मग मेहुण्यांनीसुद्धा. बारकी सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या दाराला पाठ टेकवून लहानपणी रडली नव्हती तेवढं सगळं रडली. मी पहिल्यांदाच मनापासून ताठ उभा राहिलो, पुठ्ठ्यावर का होईना.

सिनेमा खूप चालला. थिएटरात लोक शेवटी अंधारात बसून राहतात म्हणे, आणि घरी जाऊन आपापल्या कपाटांशी जपून वागतात. माझ्या जातीला एवढा मान कधी मिळाला नव्हता. दादा आलेल्या प्रत्येकाला सांगतो, "हे मी वाकडं केलं." छाती फुगवून सांगतो.

आता एवढंच एक मागणं, निर्मातेसाहेब. तुमचा कोट अजून माझ्याकडेच आहे. ताईने डांबराच्या गोळ्या घालून नीट ठेवलाय. थंडी पुन्हा आली आहे, तुम्ही पुन्हा आला नाहीत. या एकदा. दाराला हात लावायचीही तसदी नको. बारकी पुठ्ठा काढेल, तुम्ही फक्त समोरून चालत जा. मी आपणहून उघडेन.