चोरीचं आढं

खिंडीतल्या विसावा मंडपाचं आढं विकत आणायचं नाही, चोरायचं, हा गावाचा रिवाज होता. मिंग राजांच्या काळात मीठ वाहणाऱ्या हमालांनी तो मंडप उभारला. तेव्हापासून दर दुरुस्तीला कुणाच्या डोंगरावरून झाड पळवलं, ते गावाला तोंडपाठ. झाडाबरोबर मालकाच्या घरची बरकतही मंडपात येते म्हणे. फक्त मालकानं चोरांना मनसोक्त शिव्या घातल्या पाहिजेत. शिव्या आल्या की संमती मिळाली. आजोबांच्या पिढीत एक मालक गप्प बसला, तर लोकांनी खोड मुकाट्यानं त्याच्या अंगणात परत नेऊन ठेवलं.

यंदाच्या वादळात आढं मोडलं. सरकारी इंजिनिअर मियाओबाईंनी वखारीतून नवं मागवायचं ठरवलं, तशी सुतार लौ शुईगननं मान हलवली.

"विकतचं आढं? बाई, लोक म्हणतील, या गावात धड एक चोर उरला नाही!"

मियाओबाई पोट धरून हसल्या. झाडतोडीचा परवाना त्यांनीच काढून आणला. वर, "चोरीला मीही येणार," म्हणून हटून बसल्या.

पण घोडं अडलं पुढेच. बुंध्याशी नवी पिलं फुटलेलं, म्हणून शुभ मानलेलं, आढ्याजोगं सरळसोट फरचं झाड आता एकाच डोंगरावर उरलं होतं, आणि तो डोंगर मेईशियानचा. मेईशियान म्हणजे शुईगनची थोरली बहीण. तिचा नवरा गेला तेव्हा शुईगन दूर एका देवळाच्या कामावर होता. हातातलं काम पुरं करून निघाला आणि पोचला तो माती झाल्यावर. तेव्हापासून ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. बाजारात समोर आला तर ती कोबीचे गड्डे निरखत बसायची. चोरीच्या वेळीही ती गप्प राहिली तर झाड तर जाईलच, पण तिनं भावाचं नाव कायमचं टाकलं हे साऱ्या गावाला कळेल. शुईगनचा जीव टांगणीला लागला होता.

उजाडता उजाडता झाड तुटलं. रिवाजाप्रमाणे जमिनीला टेकू न देता गड्यांनी ते खांद्यावर तोललं. पुढचा खांदा शुईगनचा. मियाओबाईंनी बुंध्यापाशी लाल कागदात गुंडाळलेली दारूची बाटली ठेवली आणि फटाक्यांची माळ पेटवली. मालकाला चोरीची वर्दी द्यायची ती अशी.

खाली मेईशियानचं दार उघडलं. ती पायरीवर आली, खोडाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि काही न बोलता आत गेली.

"परत ठेवू या," शुईगन कसाबसा म्हणाला.

तेवढ्यात ती पुन्हा बाहेर आली, हातात बांबूचा खराटा घेऊन.

"मेल्या शुईगन!" सगळी खिंड दणाणली. "दाजींना खांदा द्यायला सवड नव्हती, आणि माझ्या झाडाला खांदा द्यायला भल्या पहाटे हजर? डोळे मिटेपर्यंत 'शुईगन आला का' म्हणून विचारत होते रे! तुझ्या वाटणीचं जेवण मी तीन दिवस झाकून ठेवलं, मुडद्या!"

"चुकलो, ताई!" शुईगन ओरडला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"चोरानं उलट बोलायचं नसतं, हेही मीच शिकवू? आणि कमरेत वाकून चाल, लाकूड एका बाजूला झुकलंय! सुतार म्हणे! आढं चढवाल त्या दिवशी मला मानाची जागा नाही मिळाली ना, तर शिडी ओढून घेईन!"

मियाओबाईंना हसू आवरत नव्हतं. गडी मात्र ओझ्यानं मेटाकुटीला आले होते.

"उस्ताद, पाय उचला की," मागचा कण्हला. "खांदे निखळायची वेळ आली!"

"हळू चला रे जरा," शुईगन म्हणाला. "तिचं अजून संपलं नाही."