'गेलो'चं 'गेले'

मुद्रितशोधकाचं काम मी एकतीस वर्षं केलं. दुसऱ्यांच्या पुस्तकांतले काने-मात्रे नीट करण्यात निम्मा जन्म गेला, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. निवृत्तीनंतरही छापखान्याचे व्यवस्थापक अधूनमधून घरी काम पाठवायचे. त्या दिवशी शिपाई एक गठ्ठा ठेवून गेला. वर चिठ्ठी होती : 'पाचवी आवृत्ती आहे, घाई आहे. लेखक म्हणतात, मागच्या आवृत्त्यांत काही ठिकाणी "गेलो"च्या जागी "गेले" आणि "होतो"च्या जागी "होते" असं राहून गेलंय. तेवढं बारकाईनं बघा.'

पुस्तकाचं नाव 'खिसा रिकामा, जग मोकळं'. लेखक माझे सख्खे दीर.

भाऊजींनी पुस्तक लिहिलंय, ते धडाधड खपतंय, हे मला ठाऊक होतं. मी तीन वर्षं परदेशात होते तेव्हाच ते आलं. परतल्यावर मी प्रत मागितली तर म्हणाले, "संपल्या हो वहिनी. आणि तुमच्यासारख्या हिंडून आलेल्या बाईनं त्यात काय वाचायचं?" पुढे माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि वाचायचं राहून गेलं. म्हणून आता चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक काढलं आणि पहिलं पान समोर घेतलं.

'स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक पत्ता, एक छत्री आणि दोन म्हाताऱ्या कुत्र्यांच्या औषधांची यादी होती.'

मी पेन्सिल खाली ठेवली. हे वाक्य माझं होतं.

त्याचं असं झालं होतं. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, पेन्शन जेमतेम. जग बघायची हौस मात्र लहानपणापासून. त्यासाठी लागणारा पैसा या जन्मात जमणार नाही, हे कळत होतं. एकदा वाचनालयात परदेशी मासिकं चाळताना एक जाहिरात दिसली : आम्ही सहा महिने बाहेर जातोय, घरात राहून आमची कुत्री सांभाळायला शांत स्वभावाचं माणूस हवं, राहण्याचं भाडं नाही. मी इंग्रजीत पत्र लिहिलं. चार वेळा तपासलं. माझ्या पत्रात एकही चूक नव्हती म्हणूनच मला निवडलं, असं त्या बाईंनी नंतर सांगितलं. त्या घरातून दुसरं घर मिळालं, दुसऱ्यातून तिसरं. मधल्या महिन्यांत एका फळबागेत पेट्या भरल्या, बदल्यात खोली आणि दोन वेळचं जेवण. एका वसतिगृहात सकाळी टेबलाशी बसून लोकांच्या नोंदी केल्या, वर एक खाट मिळाली. प्रवास नेहमी बिगरहंगामात आणि सगळ्यात हळू जाणाऱ्या गाडीनं. भाजी बाजार उठायच्या वेळेला घ्यायची, कोट जुन्या कपड्यांच्या दुकानातून. तीन वर्षांत मी सात देशांत राहिले.

आणि दर आठवड्याला सासूबाईंना पत्र लिहिलं. त्या धाकट्याकडे, म्हणजे या भाऊजींकडे, अंथरुणाला खिळून होत्या. नजर गेली होती. रविवारी भाऊजी त्यांना पत्र वाचून दाखवायचे. त्यांना घरबसल्या हिंडल्यासारखं वाटावं म्हणून मी सगळं तपशिलात लिहायचे. नळ कसा गळतो, शेजारीण कशी तिरकी हसते, कुत्रा कोणत्या जिन्यावर अडून बसतो. त्या निरोप पाठवायच्या, "निसर्ग पुरे, शेजारणीचं लिही."

दुसऱ्या वर्षी त्या गेल्या. परतल्यावर मी पत्रं मागितली, तेव्हा भाऊजी हळहळले. "आईच्या सामानाबरोबर गेली हो ती. सगळं जाळून टाकलं."

मी वाचत गेले. दोनशे चाळीस पानं, पत्रामागून पत्र. तारखा काढल्या होत्या, प्रकरणांना चटपटीत नावं दिली होती, आणि जिथे जिथे मी 'गेले' तिथे तिथे भाऊजी 'गेलो' होते. आयुष्यात ज्यांनी कधी स्वतःचा कप विसळला नाही, ते त्या पुस्तकात कुत्र्यांना आंघोळ घालत होते.

इथवर मी हसले असते कदाचित. भावकीत माणूस बरंच गिळतं. पण मग एकशे बारावं पान आलं.

नवरा गेला त्याच तारखेला, एका परक्या घरात, मी न्हाणीघरातला नळ सोडून रडले होते. घरमालकीण अजून प्रवासाला निघाली नव्हती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. हे मी आयुष्यात फक्त सासूबाईंना सांगितलं, कारण त्यांचाही तो मुलगाच होता. पुस्तकात तो उतारा जसाच्या तसा होता. फक्त 'ह्यांच्या आठवणीनं' खोडून 'मोठ्या भावाच्या आठवणीनं' केलं होतं. हे दवाखान्यात होते त्या पाच आठवड्यांत भाऊजी दोनदा आले. दुसऱ्यांदा तर गाडीची किल्ली हातातच धरून उभे होते.

त्याच पानावर तळाला एक 'भिजले होते' राहून गेलं होतं. सवयीनं माझी पेन्सिल चालली आणि मी 'भिजलो होतो' करून टाकलं. मग ते माझंच अक्षर माझ्याकडे बघत राहिलं. माझ्या घरात झालेल्या चोरीचा शेवटचा डागही मीच पुसून द्यायचा होता!

खोडरबर घेतलं. 'भिजले होते' पुन्हा जागेवर आणलं. मग पहिल्या पानावर आले आणि 'उतरलो'वर रेघ मारून समासात लिहिलं : 'उतरले'.

तीन दिवस लागले. 'राहतो'चं 'राहते', 'थकलो'चं 'थकले', 'विसरलो'चं 'विसरले'. एकही सुटू दिलं नाही. 'मोठ्या भावाच्या' खोडून 'ह्यांच्या' केलं. इतकं मन लावून मी कोणाचंच पुस्तक तपासलं नव्हतं. शेवटच्या पानावर 'छापण्यास योग्य' लिहून सही केली.

व्यवस्थापक माझं तपासलेलं पान कधी पुन्हा पाहत नसत. त्या विश्वासाचा मी फायदा घेतला, हे लपवत नाही. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, "यावेळी खुणा बऱ्याच दिसताहेत?"

"फार चुका होत्या," मी म्हटलं.

प्रकाशन वाचनालयाच्या सभागृहात झालं. सकाळची वेळ, दोन-अडीचशे माणसं. पहिल्या रांगेत माझी जाऊ बसली होती, मांडीवर पर्स, नजर समोर. बावीस वर्षांच्या संसारात तिला मी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. मी आठव्या रांगेत कडेची खुर्ची धरली. भाऊजींनी मला पाहून मान हलवली. वहिनी आल्या, कौतुकानं आल्या, असं त्यांना वाटलं असणार.

पुस्तकं त्याच सकाळी बांधणीहून आली होती, कोणी उघडलीही नव्हती. सूत्रसंचालन करणारी कॉलेजातली तरुण प्राध्यापिका म्हणाली, "लेखकाच्या शब्दांतच एक उतारा ऐकू या," आणि मधलंच एक पान उघडून वाचू लागली.

"'सकाळी मी लवकर उठते. दोन्ही कुत्र्यांना फिरवून आणते. परत येते तेव्हा शेजारीण खिडकीत असते...'"

सभागृहात खसखस पिकली. ती क्षणभर अडखळली, तिनं पान उलटून पाहिलं आणि छापलं होतं तसंच पुढे वाचत राहिली. गंमत अशी की तो मजकूर तिच्या तोंडी चपखल बसला. हळूहळू हसणं थांबलं. लोक ऐकू लागले, कारण आता ते खरं वाटत होतं.

भाऊजी उठले. तिच्या हातातून पुस्तक घेतलं, भराभर पानं उलटली. कान लाल झाले होते. पण बोलण्यात ते कधी हार जाणारे नव्हते. माइक ओढून म्हणाले, "मंडळी, माफ करा. आमचा मुद्रितशोधक झोपला होता वाटतं!"

मोठा हशा झाला. मी उभी राहिले.

"मुद्रितशोधक मी आहे," मी म्हटलं, "आणि मी झोपले नव्हते."

माना वळल्या.

"वहिनी," भाऊजी हसत, पण दातांमधून म्हणाले, "आपण घरी बोलू."

"घरी बोलायचं होतं ते माझं पत्रांत बोलून झालंय, भाऊजी. तुम्ही ते छापलंत. आता इथेच बोलू. ही दोन कुत्री तुम्ही सहा महिने सांभाळलीत ना? मग त्यातल्या आंधळ्या कुत्र्याला जिना कसा उतरवायचात?"

पुस्तकात एक कुत्रा जिन्यावर अडून बसतो, एवढंच होतं. तो आंधळा होता हे मी सासूबाईंना कधीच लिहिलं नाही. त्यांना कसं लिहिणार?

"उचलून," ते म्हणाले. "उचलून घ्यायचो."

"तो कुत्रा माझ्या कमरेएवढा उंच होता. त्याच्यापुढे चालत पायरी-पायरीवर चप्पल आपटायची, आवाजावर तो उतरायचा. उचलायला गेलेल्या माणसाला तो चावायचा." मी मनगटावरचा वण वर धरला. "हा बघा."

आता कोणीच हसत नव्हतं. प्रकाशक खुर्चीतून अर्धे उठले होते. भाऊजींनी सूर बदलला. "दुःखानं माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे आपण समजून घेतलं पाहिजे. माझे बंधू गेल्यापासून वहिनी जरा... पुरावा आहे का काही? कुठली पत्रं? कोणी पाहिलीत?"

इथे मी अडकले. पत्रं जळाली होती. वणावर कोर्ट चालत नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. इतका बारीक की आधी कोणाला कळलंच नाही कोण बोलतंय.

"जळाली नाहीत. माळ्यावर आहेत. पिठाच्या जुन्या डब्यात." माझी जाऊ उभी होती. "हे आईंना वाचून दाखवायचे तेव्हा मी दाराआड उभी राहून सगळी ऐकलीत. शेजारणीच्या लग्नाचं पत्र तर मी आईंना नंतर दोनदा वाचून दाखवलं. ह्यांनी डबा फेकायला दिला होता. मी फेकला नाही."

भाऊजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू घरातलं कपाट बोललं होतं.

पुढचं पटकन सांगते. प्रकाशकानं दोनच दिवसांत सगळ्या प्रती परत मागवल्या. वर्तमानपत्रांत आलं. भाऊजींची तीन व्याख्यानं ठरली होती, ती रद्द झाली. ते माझ्याकडे आले, सोफ्याच्या टोकावर बसले. "वहिनी, एवढं करायची गरज होती का? मला एकांतात सांगितलं असतंत तर तुमचं नाव घातलं असतं."

"कुठे? आभारात?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"बाकीचं सगळं मी सोडून दिलं असतं," मी म्हटलं. "कुत्री घेतलीत, फळबाग घेतलीत, घ्या. पण माझं वैधव्य कशाला घेतलंत?"

ते उठले. चहा न घेता गेले. मीही विचारला नव्हता.

मला समाधान झालं का? झालं. भरपूर. लोक म्हणतात सूड घेऊन हाती काही लागत नाही. त्या आठवड्यात मला इतकी गाढ झोप लागली की दूधवाला दोनदा बेल वाजवून परत गेला. वाईट वाटलं ते व्यवस्थापकांचं. त्यांना मालकानं फार बोल लावले. मी माफी मागायला गेले तर त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर कदाचित हेच केलं असतं. पण आता तुम्हाला काम देऊ शकत नाही." त्यांचा आवाज कडू नव्हता, म्हणून जास्त लागलं. त्या माणसाचं मी नुकसान केलं. ते भरून येणारं नाही.

महिन्याभरानं जाऊ आली. येताना डबा घेऊन आली. पत्रं मोजून माझ्या ताब्यात दिली आणि तशीच बसून राहिली.

"ताई, एक विचारू? ही घरं सांभाळायला दोन बायका चालतात का?"

"चालतात. मोठं घर असलं तर बरंच पडतं. का गं?"

"मला गाडी चालवता येत नाही. इंग्रजी मोडकं आहे. पण जनावरं मला घाबरत नाहीत."

"आणि घरी काय सांगशील?"

"सांगून झालंय," ती म्हणाली.

ही गोष्ट मी एका संगीतशिक्षकाच्या घरातून लिहितेय. ते वर्षभर मुलीकडे गेलेत. मागे डोंगर, अंगणात अकरा कोंबड्या आणि एक तापट बदक. कोंबड्या जाऊबाईंच्या, झाडं माझी. ती आता रोज एकटी बसनं बाजारात जाते आणि दुकानदारांशी घासाघीस करते, मोठ्या आवाजात. पुस्तक माझ्या नावानं पुन्हा छापायला प्रकाशक तयार आहेत. मी अजून होकार दिलेला नाही. त्यांना थोडं ताटकळू दे.

काल भाऊजींचा फोन आला. जावेनं स्पीकर लावला, कारण तिचे हात दाण्यांनी भरले होते. धुण्याच्या यंत्राचं झाकण का उघडत नाही, आणि परत कधी येणार, हे दोन्ही त्यांनी एका दमात विचारलं.

"झाकणाशेजारी बटण आहे, ते दाबून धरा," ती म्हणाली. "आणि खुडूक कोंबडी आत्ताच बसलीय अंड्यांवर. पिल्लं निघाली, मोठी झाली, की बघू."

फोन तिनं कोपरानं बंद केला आणि बदकाला हाकलायला अंगणात गेली.