पारसमल शेटजींच्या बंगल्याचं माप

मेहरूण तलावाच्या अलीकडच्या गल्लीत पारसमल शेटजींचा बंगला आहे. वाईट नाही म्हणणार मी. पण कागदावर तो जितका फोफावला, तितकी रावेरची केळीसुद्धा खतपाण्यावर फोफावत नाही. मूल्यांकन करायला धुळ्याहून भिकन आप्पा आले. दालबट्टी हाणली आणि सोफ्यावर बसूनच त्यांनी बंगला मोजला. पंपाजवळचा हौद स्विमिंग पूल झाला, पापड वाळवायची गच्ची हेलिपॅड झाली. पाण्याच्या टाकीवर चढून मान वाकडी केली की तलावाचा नखाएवढा तुकडा दिसतो, म्हणून सबंध तलाव अंगणात धरला. शेटजींनाच लाज वाटली. आप्पा म्हणाले, "दिखस ना शेट? मंग तो तुमनाच शे."

या अहवालावर एका फायनान्स कंपनीनं डोळे मिटून कर्ज दिलं. हप्ते थकले तेव्हा डोळे उघडले आणि दिवाणी कोर्टात फसवणुकीचा दावा लावला.

शेटजींना कोर्टाची भीती नव्हती. मुलगा श्रेयांस, त्याची सोयरीक धुळ्याच्या सुवालाल तेलवाल्यांच्या मुलीशी, विधीशी, ठरली होती, आणि बायोडाटाला शेटजींनी हाच अहवाल जोडला होता. कंपनीला एक घर दाखवायचं आणि व्याह्याला दुसरं, असला खोटेपणा त्यांच्या रक्तात नव्हता. आता कोर्टात घर लहान निघालं तर सोयरीक मोडणार, या विचारानं त्यांची झोप उडाली.

त्यांच्या वकील कामिनीताई बजावून थकल्या, की घर लहान आहे असं कबूल करा, कंपनीनंही येऊन बघितलं नव्हतं, तडजोड होईल. शेटजी ऐकेनात. शेवटी कोर्टानं जागेचं माप घ्यायला कमिशनर नेमला.

मग जी तयारी झाली ती अख्ख्या मेहरूणनं पाहिली. खोल्या ऐसपैस दिसाव्यात म्हणून शेटजींनी सोफे हलवून बालवाडीची बाकं मांडली. एरंडोलहून कमरेएवढा आचारी आणला. उंच नातेवाइकांना पद्मालयाला दर्शनाला धाडलं. शेटाणी लाडकुंवरबाई स्वतः चांगल्या उंच, तर त्यांना कमिशनर जाईपर्यंत उठायचं नाही अशी ताकीद. कमिशनर आले, बालवाडीच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले, बंगल्याची तोंडभर स्तुती केली, चहा प्याले आणि खिशातून टेप काढली. माणसं बुटकी मिळतात हो, पण टेपला कोण काय करणार? बंगला भरला कागदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका.

पुढच्या तारखेला सुवालालजी स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले. न्यायाधीशबाईंनी विचारलं, हे माप मान्य आहे का? शेटजींनी एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे. कामिनीताईंनी खोकून इशारा केला. शपथेवर शेटजी पुटपुटले, "घर लहान आहे." स्टेनोला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं ते बाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू गेलं.

तडजोड झाली. आपल्या साहेबांनी बंगला न बघताच पाहणीचा भत्ता उचलला, हा विषय कंपनीलाही वाढवायचा नव्हता. हप्ते लांबले.

व्हरांड्यात सुवालालजींनी शेटजींचे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरलेले.

"ब्याईजी, सोयरीक मोडली म्हणायची," शेटजी खालच्या आवाजात म्हणाले.

"मोडतो कशाला? सोयरीक ठरल्यापासून मला झोप नाही. मुलीचा बाप घर पाहून देणं ठरवतो. तुमच्या त्या महालाला शोभेल असं लग्न करायचं म्हणजे माझी तेलघाणीच विकावी लागली असती. आता कोर्टानंच घर दाखवलं." मग त्यांनी शांतपणे सगळ्यालाच तिसरा हिस्सा लावला. तीन दिवसांचं लग्न एका दिवसावर आलं, जावयाची मोटार स्कूटरवर आली, आणि सोन्याचं तर शेटजींना पुढे ऐकवेना.

ते तसेच वळले आणि कामिनीताईंना गाठलं. "वकीलताई, जबाबात एक शब्द बदलून मिळेल का? तसं पाहिलं तर घर मोठंच आहे."

"शेटजी, आता मोठं म्हणालात तर खोट्या शपथेचं प्रकरण होईल."

शेटजींनी मागे पाहिलं. सुवालालजी जबाबाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी रांगेत उभे होते. देण्याघेण्याच्या बैठकीला लागेल म्हणाले.