बाबांना न ओळखता आलेला खेळ

माझ्या वडिलांना पत्त्यांचे खेळ ओळखायचं व्यसन आहे. खेळायचं नव्हे, ओळखायचं. चार माणसं कुठेही पत्ते घेऊन बसलेली दिसली की बाबा त्यांच्या मागे जाऊन उभे राहतात, दोन-तीन हात बघतात आणि निकाल देतात. दहाच्या पानांवरून भांडण चाललंय, म्हणजे मेंढीकोट. तिघंच बसलेत आणि पाच हात करायचे असलेला कपाळाला हात लावून बसलाय, म्हणजे पाच-तीन-दोन. प्रत्येक जण आपले हात किती होणार ते आधीच सांगतोय आणि तोंडघशी पडतोय, म्हणजे जजमेंट. आपण काय खेळतोय हे खेळणाऱ्यांना ठाऊक असतंच, पण बाबांना वाटतं, ते बिचारे अंधारात आहेत.

त्यामुळे ‘रविवारी घरी या, आमच्याकडे सगळे पत्ते खेळतात’ असा फ्रेमवाल्याच्या घरून निरोप आला, तेव्हा माझ्या लग्नापेक्षा तिथला खेळ कोणता याचीच बाबांना जास्त हुरहुर लागली.

फ्रेमवाला म्हणजे माझा होणारा नवरा. चष्म्याच्या एकाच दुकानात आम्ही कामाला. मी मागे भिंगं घासते, तो पुढे काउंटरवर फ्रेमा विकतो. गिऱ्हाईकाचं नाक बघून फ्रेम काढून देण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही, आणि मला हसवण्यातही. मला तो मनापासून आवडत होता. दोन्ही घरांनी एकदा बसून तारीख ठरवायची, एवढंच बाकी होतं.

रविवारी आईबाबा आणि मी गेलो. घर नीटनेटकं होतं. त्याचे वडील वजनकाटे तपासायच्या खात्यातून निवृत्त झालेले, बोलणंही मोजूनमापून. त्याची आई सोफ्यावर विणकाम घेऊन बसलेली. मोठा भाऊ म्हणजे दादा. आणि वहिनी, शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवणाऱ्या. चहा झाला आणि पहिला डाव मांडला गेला. एका बाजूला बापलेक, दुसऱ्या बाजूला दादा-वहिनी. तेरा-तेरा पानं वाटून झाली. त्याच्या वडिलांनी हुकूम किलवर सांगितला. वहिनींनी आपली पानं उचलली, रंगवार लावली आणि टेबलावर उघडी मांडून ठेवली. मग हात मांडीवर घेऊन बसल्या.

“ब्रिज,” बाबा माझ्या कानात म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पण बोली कुठे झाली? आणि डमीची, म्हणजे ज्याचा डाव भिडू खेळतो त्याची, पानं पहिल्या उतारीनंतर उघडतात, आधी नाही.”

दादा आपली पानं खेळत होता आणि हात लांब करून वहिनींचीही. दुसऱ्या डावात वहिनींनी पुन्हा पानं उघडी टाकली. तिसऱ्यातही. बाबांना राहवेना.

“तुमच्यात डमी कसा ठरतो?” त्यांनी विचारलं.

“ठरवायचं काय त्यात?” त्याचे वडील म्हणाले. “सूनबाईची पानं उघडी असतात. तेवढाच तिच्या डोक्याला ताप नको.”

“मीसुद्धा वर्षानुवर्षं उघडीच टाकली,” सोफ्यावरून त्याची आई म्हणाली. “आता नुसती बघते. तेच बरं वाटतं.”

बाबांनी मान डोलावली, पण त्यांना चैन पडेना. नियम आहे आणि नाव नाही, म्हणजे त्यांच्या दृष्टीने घोर अन्यायच.

चौथ्या डावाला त्याचे वडील उठले आणि मला म्हणाले, “ये, आता तू बस. घरचीच होणार आहेस.” मी फ्रेमवाल्याची भिडू झाले. मी पानं उचलली, लावली. सगळे थांबून माझ्याकडे बघत होते.

“टाक ना उघडी,” फ्रेमवाला हळूच म्हणाला आणि टेबलावरून हात पुढे केला. अगदी प्रेमाने. काउंटरवर फ्रेम पुढे करतो तसाच.

“माझी मी खेळते,” मी म्हणाले.

“नवी आहे, कळेल हळूहळू,” मागून त्याचे वडील म्हणाले आणि हुकूम चौकट सांगितला.

फ्रेमवाल्याने इस्पिकच्या एक्क्याची उतारी केली. माझ्याकडे इस्पिक नव्हतंच. हात आमचाच होत होता, म्हणून मी बदामाचं एक फालतू पान टाकलं. पुढचा हात वहिनींच्या पानावर गेला, म्हणजे उतारी त्यांची. वहिनींचं बोट किलवरच्या एका पानाकडे जरासं सरकलं आणि परत मांडीवर गेलं. दादाने त्यांचा इस्पिकचा राजा उचलून टाकला. एक्का गेला, आता राजा मोठा, असा त्याचा हिशोब. मी चौकटच्या दुर्रीने राजा कापला.

दादा वहिनींकडे वळून म्हणाला, “तुझी पानंच असली भिकार येतात.”

माझ्याकडे इस्पिक नाही हे वहिनींनी केव्हाच हेरलं होतं. गणित शिकवणाऱ्या बाईला एवढं कळतं.

“कापायची काय गरज होती?” फ्रेमवाला पुटपुटला.

“हात आपला झाला की.”

“हो, पण दादाला आवडत नाही.”

निघताना तो फाटकापर्यंत आला. “रागावलीस? अगं, पत्तेच तर आहेत.”

“मग वहिनींच्या हातात का नाहीत?”

त्याने खरंच विचार केला, ते माझ्या जास्त जिव्हारी लागलं. मग म्हणाला, “तसंच चालत आलंय आमच्याकडे.” मी त्याला तिथेच लग्नाला नाही म्हणून सांगितलं. तो थट्टा समजून आधी हसला.

आईबाबा पुढे जाऊन थांबले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. आईने माझा हात धरला. बाबा दोन मिनिटं हळहळले, मुलगा चांगला होता म्हणाले आणि पुन्हा मूळ दुखण्यावर आले.

“हुकूम आहे, बोली नाही. पानं बाईची, खेळणार नवरा. हा खेळ मी नक्की कुठेतरी पाहिलाय. नाव अगदी ओठांवर आहे.”

“आपल्या घरी पाहिलाय,” आई म्हणाली.

बाबा थांबले. “काहीतरीच काय? तू तर पानं झाकून धरतेस.”

“धरते. मी माझ्या मनाने टाकलेलं आणि तुम्ही ‘हे नको, ते टाक’ म्हणून परत घ्यायला न लावलेलं एक पान आठवून सांगा.”

बाबांना जगातले सगळे खेळ पाठ आहेत. घर येईपर्यंत ते आठवत राहिले.