माझ्या चौथ्या पायाखाली

मी सरफेस ग्राइंडर बोलतोय. चटणी वाटणारा नव्हे, लोखंड घासून सपाट करणारा. माझ्या टेबलावर चुंबकाची पाटी आहे. तिच्यावर लोखंडी तुकडा ठेवला की तो घट्ट धरला जातो. वर गोल दगड गरगर फिरतो, खाली टेबल मागेपुढे सरकतं, आणि तुकडा पाण्यासारखा सपाट होतो. मला एवढंच येतं. बाकी जगात काय चालतं ते फारसं उमगत नाही. आता सांगणार आहे तेही अजून पुरतं उमगलेलं नाही.

माझा जन्म पंजाबातला. तिथून भांडुपच्या एका कारखान्यात आलो आणि केरूच्या हाताखाली लागलो. केरू खेडजवळच्या गावचा. बोलायला कमी. घासलेल्या तुकड्यावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "अजून एक हात पायजे." मोजणारा मोजून बघायचा, तर खरंच एक हात हवा असायचा. अशी बावीस वर्षं गेली.

मग एका सोमवारी कुणीच आलं नाही. का, ते मला कुणी सांगितलं नाही. मी गोदामात पडून राहिलो. अंगावर गंज चढला. एका मांजरीने माझ्या टेबलावर दोनदा पिल्लं घातली. मला वाटलं, आता हेच आपलं काम असेल.

नऊ वर्षांनी केरू आला. केस पांढरे झाले होते, पण अंगठा तोच. मला टेम्पोत घालून त्याने गावी आणलं. टेम्पो शेजारच्या बाबल्याचा.

"केरूदा, एवढ्या वजनात म्हैस आली असती," बाबल्या म्हणाला. "दूध तरी दिलं असतं."

"म्हशीला रोज चारा लागतो," केरू म्हणाला. "ह्याला तेल घातलं की झालं."

घरामागच्या पडवीत माझा एकेक भाग सुटा झाला. रॉकेलने आंघोळ झाली. टेबल ज्या पट्ट्यांवर सरकतं, त्यांच्यावर चंद्रकोरीसारख्या बारीक खुणा आहेत. बाबल्याला ते ओरखडे वाटले आणि तो पॉलिश पेपर घेऊन बसला. केरूने त्याचा हात धरला. "अरे, त्या मुद्दाम पाडलेल्या असतात. तेल राहतं त्यात." बाबल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच त्याला फसवलं.

खाली जांभ्या दगडाचे चार चिरे बसवले, त्यांवर लोखंडी चकत्या आणि त्यांवर माझे चार पाय. केरूने पाणसळीच्या काचेतला बुडबुडा बघत बघत मला समतल केलं. मग माझ्याच दगडाखाली माझी पाटी घासून सरळ केली. संध्याकाळी त्याने तिच्यावर अंगठा फिरवला आणि बायकोला, दमयंतीला, हाक मारली. "बघ गो, हात अजून गेला नाय."

खेडच्या हेमाताईंचा काजूचा कारखाना. त्यांनी काजू फोडायच्या यंत्राची आठ पाती दिली. आठही एका जाडीची हवीत, नाहीतर काजूगर तुटतो. हंगाम तोंडावर होता.

पहिली दोन पाती झकास झाली. तिसरं एका टोकाला जाड निघालं. केरूने बुडबुडा पाहिला, तो सरकला होता. मला पुन्हा समतल केलं, पाटी पुन्हा घासली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी गोंधळलो. मी तर जागचा हललो नव्हतो. म्हातारपणी लोखंडही वाकतं की काय? चौथ्या पायाखाली काहीतरी पोकळ वाटत होतं, पण मला वाटलं, कोकणातला चिरा असाच असेल.

केरूने वायरी तपासल्या, पट्टे तपासले, चष्मा पुसला. पाचव्या वेळी पात्यावर अंगठा फिरवला आणि बराच वेळ अंगठ्याकडेच बघत राहिला.

"माझाच हात गेला," तो बाबल्याला म्हणाला. "पाती परत देतो. ह्याला उद्या भंगारात ने."

बाबल्याला एरवी चेष्टा सुचते. त्या दिवशी तो पहार शोधायला गेला.

सकाळी टेम्पो आला. पहार लावणार, इतक्यात दमयंती हात पुसत बाहेर आली.

"जरा थांबा. राखणदाराचं ठेवलंय ते आधी काढू द्या. भंगारात कसं पाठवायचं?"

"काय ठेवलंयस?" केरूने विचारलं.

"जागेवाल्याचं ओ. जागा राखणारा देव तो, नवी वस्तू बसवली तर त्याला ठेवायला नको? तुम्ही ह्याला पहारीवर उचललं होतंत ना, तेव्हा त्या कोपऱ्यातल्या चिऱ्याच्या भोकात सारलं. तांदूळ नि सुपारी."

"चकतीच्या खाली?"

"मग काय वर ठेवू? बाबल्याने खाल्ली असती सुपारी."

केरूने पहार लावली. त्याने चौथा पाय उचलला. लाल फडकं निघालं. आतल्या तांदळाचं पीठ झालं होतं आणि सुपारीचे चार तुकडे. चकती चिऱ्यावर टेकलीच नव्हती, भोकातून वर आलेल्या त्या पुरचुंडीवर बसली होती. माझा दगड फिरला की अंग थरथरतं. तेवढ्याने रोज ते थोडं थोडं चेपत होतं आणि रोज मी थोडा थोडा कलत होतो.

बाबल्या खाली बसून हसायला लागला. दमयंतीचा चेहरा उतरला. केरूने ते फडकं उचललं, झटकलं नाही. समोरच्या कोनाड्यात नीट ठेवलं. "इथून राखण करू दे," तो म्हणाला. "इथून दिसतं पण जास्त."

मला पुन्हा समतल केलं. आठही पाती एकसारखी निघाली. दमयंती म्हणते, ती राखणदाराची कृपा. केरू म्हणतो, चिऱ्याची. मला विचाराल तर माहीत नाही. मी समोरच्या लाल फडक्याकडे बघतो आणि गोंधळतो. त्यानेच मला कलवलं होतं, आणि त्याच्याचमुळे मी भंगारात गेलो नाही.

केरू आता सत्तरीकडे आला आहे. उद्या मी दुसऱ्या कुणाच्या पडवीत जाईन. त्या माणसाला एवढंच सांगणं आहे. काम वाकडं निघालं, तर स्वतःच्या हाताला बोल लावण्याआधी एकदा वाकून माझ्या पायाखाली बघ.