माळ्यावरचा तूस

भाताच्या तुसाची टोपली डोक्यावर घेऊन आनंदीबाई शिडीच्या चौथ्या पायरीवर पोचली, तेवढ्यात खालून नवऱ्याने, भिकाजीने, पुन्हा तोंड उघडले.

"पेंढा घाल म्हणतोय मी."

"आणि चुलीची ठिणगी वर गेली म्हणजे?"

"तुसाला आग लागत नाय वाटतं?"

"वरून माती लिंपायची हाय. शिडी धरा घट्ट. बोलणं काय, बसूनही होतं."

मुंबईच्या गिरणीतल्या लेकाच्या हट्टाने घरावरचे गवत जाऊन मंगलोरी कौले आली होती. घराला रूप आले, पण वैशाखात आत भट्टी पेटली. माळ्याखालच्या खोलीत त्यांची लेक गोदा बाळंतीण. सातव्या महिन्यातच झालेले पोर सुपात ठेवले तर सूप रिकामे वाटायचे. आधीची दोन बारशापर्यंतही पोचली नव्हती. वैद्यांनी बजावले होते, ह्याला वारा नको, ऊन नको. सुईणीने मागच्या माडाखाली वार पुरली तेव्हा, कुत्री उकरतील म्हणून भिकाजीने वर जांभ्याचा दगड ठेवला होता. यावेळी काही म्हणता काही उकरले जाऊ नये.

आनंदीबाईने माळाभर वीतभर तूस पसरला, वर शेणमातीचा हात फिरवला. तिसऱ्या दिवशी भरदुपारी खोली विहिरीच्या काठासारखी गार. पोर पहिल्यांदा सलग निजले.

"पेंढ्यानंही झालं असतं," भिकाजी म्हणाला. पण उठून दोनदा खोलीत डोकावून आला.

आठवड्याने वर खुडखुड सुरू झाली. आनंदीबाईच्या हातातला विळा थांबला. गोदाच्या बाळंतपणाच्या धांदलीत तिने तूस नीट पाखडलाच नव्हता. त्यात कणी राहिली होती. उंदरांना तिने आपल्या हाताने पान वाढले होते.

"लिंपण फोडून तूस काढूया काय?" तिने विचारले.

"पोराला परत भट्टीत टाकतेस? राहू दे," भिकाजी तिच्याकडे न बघता म्हणाला.

मग एका दुपारी खुडखुड थांबली. बरे वाटायला हवे होते. ती चिमटा घेऊन शिडी चढली.

काचेच्या कौलातून पडलेल्या उजेडाच्या चौकोनात उंदीर पडला होता. आडोसा सोडून, असा उघड्यावर. नाकाशी रक्ताचा थेंब.

गेल्या महिन्यात बाजारपेठेत असेच उंदीर पडले, मागोमाग माणसांना हुडहुडी भरून ताप चढला. प्लेग म्हणून घरे रिकामी करवली, कौले उतरवून ऊन आत घेतले, माणसे कातळावर झावळ्यांच्या खोपटांत गेली. वैशाखातला कातळ. अनवाणी माणूस तिथे उभा राहू शकत नाही. तिच्या डोळ्यांसमोर ते सूप आले.

सांगावे, तर पोर जाईल. न सांगावे, तर...

तिने उंदीर चिमट्याने उचलून केळीच्या पानात गुंडाळला. कुदळ घेतली आणि मागच्या दाराने माडाखाली गेली.

तिथे एक दगड असायला हवा होता. पाच होते. चारांखालची माती अजून ओली होती.

मागे पाऊल वाजले. भिकाजीच्या हातात जांभ्याचा एक दगड होता.

"कधीपासनं?" तिने विचारले.

"मंगळवारपासनं. रोज पहाटे मीच वर जायचो."

"मला बोलला नाय."

"तू काय केलं असतंस?"

तिने कुदळ मारली.

"जरा खोल घाल," तो म्हणाला.

तिने खोल घातले. माती पायाने दाबली, दगडासाठी हात पुढे केला. ऊन एवढे होते की कौलांवरची हवा पाण्यासारखी हलत होती.

खोलीतून गोदाची हाक आली.

"आये, गोधडी दे गो. आणखी एक दे. मला केव्हाची थंडी वाजतेय."

भिकाजीच्या हातातला दगड तसाच राहिला.