डंकनच्या चाली

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर, आमच्या गावी, ग्रंथालयाच्या तळघरात, दर शनिवारी आम्ही दान आलेल्या संगणकांतली जुनी माहिती पुसून ते गरजूंना देतो. मालकाने ‘पुसा’ म्हटलं की झाकणावर निळी चिकटपट्टी लावायची. पट्टी दिसली की डिस्क पुसायला लावायची. तिच्यावर पहिल्या जागेपासून शून्यं लिहिली जातात.

त्या सकाळी एफी मॅकेकर्न दारातूनच ओरडली, "लॉकी, दुरुस्तीला ठेवलेला माझा लॅपटॉप कुठाय? चार्जर आणायला घरी काय गेले, जागेवर नाही!"

माझ्याबरोबर काम करणाऱ्या लॉकीने माझ्याकडे पाहिलं. पाच मिनिटांपूर्वी मीच तो उघडून त्याची डिस्क पुसायला लावली होती.

"त्यावर निळी पट्टी होती," मी म्हणाले.

"असणारच! बिजागरी मोडली म्हणून मीच लावली."

मी डिस्कची तार उपटली. सहा टक्के पुसून झालं होतं.

एफी खुर्चीत बसली. "त्यात डंकनने स्वतः वाजवून रेकॉर्ड केलेल्या चाली आहेत. चाळीस. दुसरीकडे कुठेच नाहीत."

डंकन तिचा भाऊ. जन्मभर फिडल, म्हणजे इकडचं व्हायोलिन, वाजवली, कागदावर एक सूर लिहिला नाही. मार्चमध्ये गेला.

"मेल्या, तुझ्या भरवशावर ठेवला होता!" ती लॉकीवर घसरली.

"मी फक्त चहा टाकला गं, एफी!"

"फायलींची यादी पुसली गेली," मी म्हणाले. "चाली पुढच्या भागात असतील, तर अजून आहेत."

डिस्कवर आता काहीच लिहायचं नव्हतं. फुकट मिळणारा एक प्रोग्राम ती नुसती वाचत गेला आणि ध्वनी सापडेल तो दुसऱ्या डिस्कवर उतरवत गेला. दोन तास. एफीने चहाला हात लावला नाही.

फायली आल्या, पण नावं नव्हती, नुसते आकडे. मी पहिली लावली.

"मार्गारीचं तट्टू!" एफी ओरडली. लॉकीने चालीचं नाव लिहून घेतलं. दुसरी, तिसरी... विसाव्या चालीला तिने चहा मागितला, तिसाव्याला लॉकीला नाचायला उठवलं.

"चाळीस! सगळ्या आल्या," लॉकी धापा टाकत म्हणाला.

"अजून एक आहे," मी म्हणाले.

एफी ऐकत राहिली. "ही मी कधीच ऐकली नाही."

मध्येच सूर घसरला, डंकनने एक सणसणीत शिवी हासडली आणि आवाज थांबला.

"त्याने स्वतःच काढून टाकली असेल," मी म्हणाले. "काढून टाकलेलंही कधीकधी परत येतं."

एफी हसू लागली, डोळे पुसत, पोट धरून. "चुकला, म्हणून लपवली, लबाड! पुन्हा लाव. शिवीसकट."